कांदोळीची कोठी

ज्या शब्दावरून या पुस्तिकेस तिचे नाव मिळाले, त्या शब्दाच्या पोटात शेतजमिनीचा एक कायदा दडलेला आहे, ही गोष्ट उत्सवाच्या गडबडीत सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. प्राचीन इस्राएलात सात वेळा सात वर्षे उलटली म्हणजे पन्नासाव्या वर्षी मेंढ्याच्या शिंगाची तुतारी फुंकीत असत, आणि त्या शिंगाच्या नावावरूनच ‘ज्युबिली’ हा शब्द आला. ती तुतारी वाजली म्हणजे कर्जापायी हातची गेलेली वडिलोपार्जित जमीन मूळ कुळाकडे परत जाई, आणि कर्जापायी दुसऱ्याच्या चाकरीत गेलेला मनुष्य आपल्या मुलाबाळांसह घरी परत येई. तात्पर्य, ज्युबिली ही मुळात रोषणाईची व मिरवणुकीची गोष्ट नव्हे. गेलेले वतन कोणास परत मिळावे, याचा तो निवाडा होय.

हा प्रश्न आमच्या निलंग्याच्या मातीस परका नाही. येथील कित्येक घरांनी सावकाराच्या वहीपायी शेत गेलेले पाहिले आहे, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात चिरेबंदी वाडे क्षणार्धात मातीस मिळालेलेही पाहिले आहेत. घर जाणे म्हणजे काय हे येथे कोणास शिकविण्याची गरज नाही. म्हणूनच ज्युबिलीच्या निमित्ताने एका गेलेल्या घराचा इतिहास वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. हे घर मात्र गरिबाचे नव्हे. भारतात सर्वांत अधिक व्हिस्की गाळणाऱ्या धनिकाची ती समुद्रकाठची कोठी होती.

कांदोळी हे गाव गोव्याच्या बारदेश तालुक्यात आहे. पश्चिमेस अरबी समुद्र, आणि दक्षिणेस पोर्तुगीजांनी १६१२ साली पुरा केलेला आग्वादचा किल्ला. गाव लहान, परंतु त्याची कीर्ती मोठी. आशेची माता या नावाने पवित्र मरियेस वाहिलेले तेथील ख्रिस्तमंदिर सोळाव्या शतकातले. संमोहनविद्येचा एक आद्य पुरस्कर्ता म्हणून सर्व युरोपात गाजलेले आबे फारिया १७५६ साली याच गावी जन्मले; पणजीस जुन्या सचिवालयाशेजारी त्यांचा पुतळा आहे. एतद्देशीय धर्मगुरूंना वरच्या अधिकारपदांवरून डावलले जाते या सलाने पेटून पोर्तुगीज सत्तेविरुद्ध १७८७ साली जो कट रचला गेला, तो ‘पिंटोंचा उठाव’ म्हणून प्रसिद्ध आहे, कारण त्याची मुळे कांदोळीच्या पिंटो घराण्यात होती. कट फुटला, कित्येक धर्मगुरू कैद झाले, आणि कटातील पुष्कळ जणांस फाशी देण्यात आली. त्यांच्यापाशी जे होते ते गेले, परंतु नाव राहिले. हे येथे मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढील कथेत नेमके याच्या उलट घडलेले दिसेल.

याच कांदोळीच्या किनाऱ्यास लागून सुमारे १२,३५० चौरस मीटर जागेत ‘किंगफिशर व्हिला’ नावाची कोठी उभी होती. किंगफिशर म्हणजे आमच्या ओढ्याकाठी काठीवर ध्यान लावून बसणारा निळा खंड्या. पाण्यात सूर मारावा, मासा उचलावा आणि पुन्हा काठीवर येऊन बसावे, हा त्याचा नित्यक्रम. या पक्ष्याचे चित्र प्रथम बिअरच्या बाटलीवर आले, पुढे विमानाच्या शेपटीवर गेले, आणि कोठीसही त्याचेच नाव मिळाले. पोहण्याचा तलाव, नृत्याची जागा, प्रशस्त दिवाणखाना, समोर समुद्र. डिसेंबर महिन्यात येथे ज्या मेजवान्या झडत, त्यांची वर्णने वृत्तपत्रे चवीने छापीत. कोठीचे यजमान विजय मल्ल्या.

हे वैभव एका पिढीत उभे राहिले नाही. अँगस मॅकडॉवेल नावाच्या स्कॉटिश व्यापाऱ्याने १८२६ साली मद्रासेत एक पेढी घातली. हिंदुस्थानात राहणाऱ्या गोऱ्या लोकांस मद्य व चिरूट पुरविणे हा तिचा धंदा. पुढे १९१५ साली टॉमस लीशमन या दुसऱ्या स्कॉटिश गृहस्थाने दक्षिणेतील काही बिअरचे कारखाने एकत्र करून ‘युनायटेड ब्रुअरीज’ ही कंपनी स्थापिली. या दोन्ही गोऱ्या संस्था स्वातंत्र्याच्या आगेमागे ज्या एका एतद्देशीय तरुणाच्या हाती आल्या, ते विजय मल्ल्या यांचे वडील विठ्ठल मल्ल्या होत. लष्करातील एका डॉक्टरांचे ते चिरंजीव. त्यांनी युनायटेड ब्रुअरीजचे शेअर बाजारातून हळूहळू गोळा केले, १९४७ साली ते तिचे पहिले हिंदी संचालक झाले, आणि वर्षभरातच अध्यक्षपदी बसले. १९५१ साली त्यांनी मॅकडॉवेल कंपनीही घेतली. तोवर परदेशातून आणून विकण्याची रीत होती. विठ्ठल मल्ल्या यांनी येथेच मद्य गाळण्याचा उद्योग मांडला, आणि १९५९ साली केरळात चेरथळा येथे भट्टी सुरू केली.

काळ मोठा बिकट होता. मुंबई इलाख्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आलेला, मद्रासेतही दारूबंदी चालू. अशा दिवसांत मद्याचा कारखानदार तगून राहिला तो काटकसरीच्या व सावधपणाच्या बळावर. त्यांनी मुरांबे व सरबते करणाऱ्या ‘किसान’सारख्या इतर उद्योगांतही भांडवल गुंतविले, जेणेकरून एका धंद्यास खीळ बसली तरी दुसरा चालू राहावा. गाजावाजा त्यांस मानवत नसे. ऑक्टोबर १९८३ मध्ये ते निवर्तले, तेव्हा सर्व कारभार अठ्ठावीस वर्षांच्या आसपास असलेल्या एकुलत्या एका पुत्राकडे आला.

येथे धंद्याच्या स्वरूपाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे, कारण त्याचा धागा आमच्या शिवारापर्यंत पोचतो. स्कॉटलंडात व्हिस्की धान्यापासून गाळतात आणि निदान तीन वर्षे लाकडी पिंपांत मुरवितात. भारतात व्हिस्की म्हणून जी विकली जाते, तिच्यातील बहुतेक मद्यार्क मळीपासून, म्हणजे उसाची साखर काढून झाल्यावर उरणाऱ्या काळ्या चिकट पाकापासून, गाळलेला असतो. त्यात थोडी माल्टची व्हिस्की मिसळतात. याच कारणास्तव युरोपातील राष्ट्रे अशा मद्यास व्हिस्की हे नाव लावू देत नाहीत. म्हणजे ज्या संपत्तीची ही कथा आहे, तिची मुळे स्कॉटलंडच्या डोंगरात फारशी नसून उसाच्या फडात आहेत. कोयता घेऊन बैलगाडीत संसार लादणारा ऊसतोड मजूर या साखळीच्या एका टोकास, आणि कांदोळीची कोठी दुसऱ्या टोकास.

धाकट्या मल्ल्यांनी धंदा वाढविला, यात संशय नाही. २००५ साली त्यांनी शॉ वॉलेस ही जुनी प्रतिस्पर्धी कंपनी विकत घेतली. मे २००७ मध्ये स्कॉटलंडची ‘व्हाइट अँड मॅके’ ही कंपनी, डॅलमोर, जुरा वगैरे नामांकित भट्ट्यांसह, ५९ कोटी ५० लक्ष पौंडांस घेतली. ज्या देशातून मॅकडॉवेल आला त्याच देशाच्या भट्ट्या एका हिंदी माणसाच्या मालकीच्या झाल्या, याचे कित्येकांस कौतुक वाटले. २००९-१० साली त्यांच्या युनायटेड स्पिरिट्स कंपनीची विक्री वर्षास दहा कोटी पेट्यांवर गेली. राज्यसभेचे सदस्यत्व, क्रिकेटचा संघ, घोड्यांच्या शर्यती, मोटारींच्या शर्यती, सर्व काही होते. २००३ साली टिपू सुलतानाची म्हणून लंडनच्या लिलावात निघालेली तलवार त्यांनी घेतली. मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्क येथे महात्मा गांधींचा चष्मा, चपला, घड्याळ, वाडगा व थाळी लिलावास निघाली असता १८ लक्ष डॉलर देऊन त्या वस्तूही त्यांनीच घेतल्या. ज्या महात्म्याने दारूच्या दुकानांपुढे निरोधन करण्यास स्त्रियांस उभे केले, त्याचा चष्मा दारूच्या पैशाने विकत घेतला जावा, याहून विलक्षण योग तो कोणता? परंतु थाळी व वाडगा विकत मिळतो. त्या थाळीत जेवणाऱ्याची मितव्ययता बाजारात मिळत नाही.

वैभवास ओहोटी लागली ती दारूमुळे नव्हे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.  बुडाली ती विमान कंपनी. ९ मे २००५ रोजी ‘किंगफिशर एअरलाइन्स’चे पहिले विमान उडाले. उतारूंची बडदास्त राजेशाही, परंतु कंपनीस एकाही वर्षी नफा झाला नाही. २००७-०८ साली स्वस्त तिकिटांची एअर डेक्कन ही कंपनी तिच्यात विलीन करून घेण्यात आली, आणि लगोलग जगात तेलाचे भाव भडकले. कर्जावर कर्ज चढत गेले. कर्ज देणाऱ्यांत स्टेट बँक ऑफ इंडिया अग्रभागी होती, आणि अखेरीस सतरा बँकांचा समूह झाला. २०११ साली या बँकांनी आपल्या कर्जाचा एक भाग कंपनीच्या शेअरांत बदलून घेतला, तोही बाजारभावाहून साठ टक्के चढ्या दराने. निलंग्याच्या एखाद्या कुणब्यास पीककर्जासाठी सातबारा घेऊन चार हेलपाटे घालावे लागतात. येथे खंड्याच्या नावाचे बोधचिन्हच तारण म्हणून स्वीकारले गेले आणि त्याची किंमत चार हजार कोटींच्या घरात धरली गेली! पुढे एप्रिल २०१६ मध्ये ती नाममुद्रा सुमारे ३६७ कोटींच्या किमान बोलीवर लिलावास निघाली, तेव्हा एकही गिऱ्हाईक पुढे आले नाही. कीर्ती तारण ठेवता येते, परंतु ती उतरली म्हणजे तिचा लिलाव होत नाही, हा धडा बँकांनी आमच्यातुमच्या ठेवींच्या पैशाने घेतला.

परंतु या इतिहासाचे सर्वांत काळे पान कर्जाचे नव्हे, पगाराचे आहे. २०१२ साली कंपनीने आपल्या माणसांचे वेतन थकविले. वैमानिक, यंत्रज्ञ, सामान उचलणारे, तिकिटे देणारे, सर्वांचे. ऑक्टोबर २०१२ उजाडला तेव्हा कित्येकांचे सात महिन्यांचे वेतन बाकी होते. वेतनातून कापून घेतलेला प्राप्तिकरदेखील वेळेवर सरकारजमा झाला नव्हता. म्हणजे पगार नाही तो नाहीच, वर कराची नोटीस मात्र घरी येणार. त्या महिन्याच्या आरंभी दिल्लीत एका कर्मचाऱ्याच्या पत्नीने आपले जीवन संपविले. पतीचा पगार महिनोन् महिने न झाल्याने आलेली ओढगस्त तिने चिठ्ठीत लिहून ठेवली होती, असे वृत्तपत्रांनी छापले. २० ऑक्टोबर २०१२ रोजी सरकारने कंपनीचा उड्डाणाचा परवाना स्थगित केला. त्यानंतर ती विमाने पुन्हा उडाली नाहीत.

मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी त्याच्या हाती पडावी, असे मोशेच्या नियमशास्त्राने सांगितले, आणि मजुरी अडवून ठेवणे हे स्वर्गाकडे दाद मागणाऱ्या पापांपैकी एक म्हणून आम्हां कॅथोलिक लोकांस लहानपणीच धर्मशिक्षणात शिकविले जाते. सबब आमचे मत असे की, कांदोळीची कोठी लिलावाच्या दिवशी गेली नाही. ज्या महिन्याच्या अखेरीस पहिला पगार चुकला, त्याच महिन्यात तिच्या पायाचा दगड निघाला होता. पुढे जे झाले ते केवळ भिंती कोसळण्याचे काम.

कोठीच्या दारात मात्र हे पुष्कळ दिवस दिसून आले नाही. डिसेंबर २०१५ मध्ये यजमानांचा साठावा वाढदिवस याच कांदोळीत थाटाने साजरा झाला. पुढच्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर रघुराम राजन यांनी कोणाचे नाव न घेता असा अभिप्राय दिला की, बँकांचे मोठे देणे शिरावर असताना वाढदिवसांचा डामडौल मिरविणाऱ्यांमुळे लोकांत चुकीचा संदेश जातो. दरम्यान मूळ धंदाही हातचा जात होता. युनायटेड स्पिरिट्सचा ताबा इंग्लंडच्या डिआजिओ कंपनीकडे गेला होता, आणि २०१४ साली व्हाइट अँड मॅके ही फिलिपाइन्समधील एका कंपनीस ४३ कोटी पौंडांस, म्हणजे घेतल्याहून पुष्कळ कमी किमतीस, विकली गेली होती. फेब्रुवारी २०१६ मध्ये मल्ल्या अध्यक्षपद सोडून बाजूस झाले, आणि २ मार्च २०१६ रोजी देश सोडून इंग्लंडास गेले. मागे नऊ हजार कोटींवर कर्जाचा आकडा राहिला.

मे २०१६ मध्ये उत्तर गोव्याच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशान्वये कोठीचा ताबा बँकांच्या विश्वस्तांकडे आला. ऑक्टोबर २०१६ मध्ये ८५ कोटी २९ लक्ष रुपयांची किमान बोली ठेवून ती लिलावास काढली. कोणी बोली लाविली नाही. डिसेंबरात ८१ कोटींवर उतरली. तरी कोणी आले नाही. मार्च २०१७ मध्ये ७३ कोटी. पुन्हा तोच प्रकार. अखेर एप्रिल २०१७ मध्ये चित्रपटनट व उद्योजक सचिन जोशी यांच्या कंपनीस ती ७३ कोटी १ लक्ष रुपयांस खाजगी व्यवहाराने विकण्यात आली. मुंबईत विलेपारले येथे विमानतळानजीक ‘किंगफिशर हाउस’ म्हणून कंपनीची कचेरी होती, तिची गत याहून वाईट झाली. मार्च २०१६ मध्ये तिची किमान बोली दीडशे कोटी होती; वारंवार लिलाव फसत फसत २०२१ साली ती ५२ कोटी २५ लक्षांस गेली. लंडनमध्ये रीजंट्स पार्कनजीकचे घरही एका स्विस बँकेच्या कर्जापायी अडकले, आणि जानेवारी २०२२ मध्ये तेथील न्यायालयाने घर रिकामे करण्यास अधिक मुदत देण्याचे नाकारले.

न्यायनिवाड्यांची यादी लांब आहे. ती थोडक्यात देतो. डिसेंबर २०१८ मध्ये लंडनच्या न्यायालयाने त्यांस भारताच्या हवाली करण्याचा कौल दिला, आणि २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत त्यांचे अपील संपुष्टात आले. ५ जानेवारी २०१९ रोजी मुंबईतील विशेष न्यायालयाने त्यांस फरारी आर्थिक अपराधी घोषित केले. २०१८ च्या नव्या कायद्याखाली असे घोषित झालेले ते पहिलेच गृहस्थ. जुलै २०२१ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयाने त्यांचे दिवाळे जाहीर केले. जुलै २०२२ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यायालयाचा अवमान केल्याबद्दल त्यांस चार महिन्यांची कैद सुनावली.

दुसरी बाजू न सांगणे हे इतिहासकारास शोभत नाही. फसवणुकीचे सर्व आरोप मल्ल्या यांनी प्रथमपासून नाकारले आहेत. विमान कंपनी बुडाली ती तेलाच्या भावामुळे व सरकारी धोरणामुळे, आणि मुद्दल फेडण्याची तयारी आपण वेळोवेळी दाखविली होती, असे त्यांचे म्हणणे. जानेवारी २०१७ मध्ये कर्जवसुली न्यायाधिकरणाने ६,२०३ कोटी रुपये व त्यावर साडेअकरा टक्के व्याज वसूल करण्याचा आदेश दिला होता. आणि डिसेंबर २०२४ मध्ये अर्थमंत्र्यांनी लोकसभेत सांगितले की, त्यांच्या मालमत्तेतून १४,१३१ कोटी रुपये सरकारी बँकांस परत मिळाले आहेत. मग देणे उरले कोठे, असा त्यांचा सवाल आहे. व्याज कोठवर धरावे हा हिशेब न्यायालयांनी करावा. आम्हांस त्यातून एवढेच दिसते की, बलाढ्य सावकार शेवटी आपले पैसे वसूल करतो. त्याच्यापाशी वकील असतात, तारणाची कागदपत्रे असतात, आणि थांबण्याचे बळ असते.

असा प्रकार जगात प्रथमच घडला असे मात्र नव्हे. स्कॉटलंडात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रॉबर्ट व वॉल्टर पॅटिसन या बंधूंचे नाव व्हिस्कीच्या व्यापारात असेच दुमदुमत होते. लीथ बंदरात त्यांच्या झगमगीत कचेऱ्या, जाहिरातींवर अलोट खर्च. सांगतात की, त्यांनी शेकडो राखी पोपट पढवून दुकानदारांस वाटले होते, आणि ते पोपट दिवसभर पॅटिसनांची व्हिस्की प्या म्हणून ओरडत. तेथे पोपट, येथे खंड्या! हलक्या व्हिस्कीत थोडी उंची मिसळून सर्वच माल उंची म्हणून विकणे व हिशेब फुगवून कर्ज काढणे, हा त्यांचा खाक्या डिसेंबर १८९८ मध्ये उघडा पडला. १९०१ साली दोघांस कारावास झाला. परंतु नुकसान त्या दोघांपुरते थांबले नाही. त्यांच्यावर विसंबलेल्या कित्येक लहान भट्ट्या बंद पडल्या, आणि ग्लेनफार्क्लसच्या ग्रँट कुटुंबासारख्या सरळमार्गी लोकांस त्या धक्क्यातून सावरण्यास दीर्घ काळ लागला. मोठे झाड पडते तेव्हा आपल्या खालची रोपे घेऊनच पडते.

येथे आमच्या जिल्ह्याकडे क्षणभर वळावे लागते. ज्या वसंत ऋतूत कांदोळीच्या कोठीस टाळे लागण्याची तयारी चालली होती, त्याच २०१६ च्या वसंतात मांजरा कोरडी पडली होती, आणि लातूर शहराच्या नळांस पाणी नव्हते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाच लक्ष लिटर पाणी घेऊन पहिली आगगाडी लातूरच्या स्थानकात आली, आणि घागरीसाठी जमावबंदीचे हुकूम निघण्याची पाळी आली. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठास मराठवाड्यातील मद्याच्या व बिअरच्या कारखान्यांचे पाणी निम्म्याहून कमी करण्याचे आदेश द्यावे लागले. मनुष्यास प्यावयास पाणी नाही, आणि मद्यास मात्र आहे, हे न्यायासनासही पाहवले नाही. या धंद्यातील वैभवाचा हिशेब मांडावयाचा तर त्यात मळी, पाणी आणि ऊसतोड्याचा घाम ही खातीही उघडावी लागतील. ज्या गावांत बायाबापड्यांनी मतदान करून बाटली आडवी केली, त्यांनी तर त्या हिशेबात आणखी एक खाते केव्हाच उघडले आहे. ते खाते म्हणजे नवऱ्याच्या मजुरीतून घरी न पोचलेले पैसे. गाळणाऱ्याच्या कोठीत पगार अडला तेव्हा वृत्तपत्रांनी लिहिले. पिणाऱ्याच्या घरात तो दर शनिवारी अडतो, त्याचे कोणी लिहीत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गेलेले वतन कोणास परत मिळावे? लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात ज्युबिलीचा जो नियम आहे, त्यात एक अपवाद सांगितला आहे, आणि तो मोठा मार्मिक आहे. शेत विकले गेले तर ते ज्युबिलीस परत. तटबंदी नसलेल्या खेड्यातील घर विकले गेले तर तेही परत. परंतु तटबंदीच्या नगरातील घर विकले गेल्यास मालकास ते सोडविण्यास एकच वर्ष. ते टळले म्हणजे घर कायमचे घेणाऱ्याचे. तुतारी वाजली तरी ते परत येत नसे. याचा अर्थ असा की, त्या कायद्यास मनुष्याची भाकरी जिच्यावर पिकते ती जमीन, आणि तो जीत राहतो ते खेड्यातील घर, एवढेच राखावयाचे होते. नगरातील हवेलीची चिंता त्याने केली नाही. कांदोळीची कोठी ही असल्या हवेलीच्या जातीची. ती गेली म्हणून कोणाच्या ताटातील भाकरी कमी झाली नाही, आणि ती परत मिळावी म्हणून कोणी तुतारी फुंकण्याचे कारण नाही.

ज्यांची भाकरी कमी झाली ते निराळेच होते. त्यांस तेरा वर्षे थांबावे लागले. २०२५ च्या अखेरीस, विमान कंपनीच्या माजी कर्मचाऱ्यांची देणी भागविण्यासाठी तीनशे कोटींहून अधिक रक्कम सरकारी अवसायकाकडे सोपविण्याचा आदेश कर्जवसुली न्यायाधिकरणाकडून निघाला. बँकांचे पैसे आधी, मजुराचे मागाहून, असा हा क्रम. या तेरा वर्षांत कोणाची मुले शाळा सोडून गेली असतील, कोणाचे कर्जाचे घर गेले असेल, कोणी म्हातारे झाले असतील. ते दिवस कोणताही आदेश परत देऊ शकत नाही. तथापि उशिराने का होईना, ज्याचे त्यास मिळण्याची वाट मोकळी झाली, ही गोष्ट लहान नव्हे. या सर्व लांबलचक इतिहासात ज्युबिली हे नाव जर कशास शोभत असेल, तर ते या एका आदेशास.

आमच्यापैकी कोणापाशी समुद्रकाठी कोठी नाही. परंतु आमच्यापैकी पुष्कळांच्या शेतात सुगीस मजूर येतात, घरात भांडी घासणारी बाई येते, दुकानात एखादा पोरगा कामास असतो, आणि या ज्युबिलीच्या मंडपाचे खांब रोवणारे, स्वयंपाकाची भांडी उचलणारे हातही कोणाचे तरी आहेत. थोरांच्या पतनाची कथा वाचून समाधान पावणे सोपे आहे. तिचा उपयोग व्हावयाचा तर प्रत्येकाने आपापली वही उघडून पाहावी, आणि जे देणे आहे ते दिवस मावळण्यापूर्वी देऊन टाकावे. पिंटोंचे सर्वस्व गेले तरी कांदोळीत त्यांचे नाव आदराने घेतले जाते, याचे कारण त्यांनी जे गमाविले ते दुसऱ्याच्या हक्कासाठी. ज्याचे ऐश्वर्य गेले त्याचेही नाव राहावे असे वाटत असेल, तर त्याने दुसऱ्याचे काही अडवून ठेविलेले नसावे. इत्यलम्.